ढाल एस.टी.नं शिरोळला गेली

प्रसेनजीत कांबळे आज तुम्हाला शिरोळ तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या मैदानावर सापडेल. गळ्यात शिट्टी आणि समोर फुटबॉल खेळणाऱ्या मुली. गेल्या वर्षीचा महापूर ओसरला तेव्हा त्या मैदानावर गुडघाभर गाळ होता. पालकांनी आणि हेडमास्तरांनी यंदा खेळ बंदच धरला होता. यानं शेजारच्या गुऱ्हाळाचं आवार मागून घेतलं आणि मुलींचा सराव तिथं सुरू केला. हे मला कुणीतरी कौतुकानं सांगितलं, पण मला त्याचं काही नवल वाटलं नाही. या माणसानं एके काळी यापेक्षा अवघड चिखलात संघ उभा केला होता आणि तो मी स्वतः बघितला आहे.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका कॉलेजात जिमखान्याचा मास्तर होतो आणि विद्यापीठाच्या फुटबॉल क्लबचा मॅनेजर. मॅनेजर म्हणजे प्रवासात पोरांच्या जेवणाची सोय करायची आणि भांडणं सोडवायची. जेवणाचं काम सोपं होतं.

बाहेरच्यांना सांगावं लागतं म्हणून सांगतो. कोल्हापुरात फुटबॉल पेठेचा असतो. जिथं कुस्तीची तालीम, तिथंच गणपती बसतो आणि तिथलाच फुटबॉलचा संघ असतो. पोरगं नीट बोलायला लागायच्या आधी त्याला आपल्या पेठेच्या जर्सीचा रंग कळतो. पुढं ते कॉलेजात गेलं, शिकलं, नोकरीला लागलं तरी रंग काही जात नाही. आमच्या क्लबात निवडून आलेली बरीचशी पोरं दोन पेठांची होती. एकीला वरची पेठ म्हणू, दुसरीला खालची. खरी नावं घेतली तर दोन्हीकडची माणसं जाब विचारायला माझ्या घरी येतील, आणि वर चहा मलाच पाजावा लागेल.

सत्त्याण्णव साली क्लबचा कॅप्टन निवडायचा होता. वरच्या पेठेचा संग्राम आणि खालच्या पेठेचा विजयसिंह, दोघंही बॅकला खेळायचे आणि दोघंही चांगले होते. वरची पोरं म्हणाली, विजयसिंहाच्या हाताखाली आम्ही खेळणार नाही. खालची म्हणाली, संग्राम कॅप्टन झाला तर आम्ही बूट काढून ठेवतो. सकाळी सुरू झालेली बैठक जेवायची वेळ झाली तरी हलेना. माझं डोकं तापलं. शेवटी कुणीतरी कंटाळून म्हणालं की मग त्या शिरोळच्या गोलकीपरला करा. आणि काय आश्चर्य, सगळ्यांच्या माना एकदम हलल्या. त्याला पेठ नव्हती, एवढीच त्याची लायकी त्यांनी बघितली होती. शेतात बुजगावणं उभं करावं तसा त्यांनी कॅप्टन उभा केला.

बुजगावणं तेव्हा बाहेर बसून बॉलमध्ये हवा भरत होतं. आत बोलावून त्याला निर्णय सांगितला, तेव्हा त्यानं हात पुसत विचारलं की कॅप्टननं काय काय करायचं असतं. मी वैतागलेलोच होतो. म्हटलं, ही पोरं एक करायची, बाकी काही नाही. सगळे हसले. तो मात्र हसला नाही. हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं आणि मला जरा आशा वाटली.

प्रसेनजीतचे वडील बाबासो साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. आई अंजना दुसऱ्यांच्या उसात खुरपायला जायची. कारखान्याच्या मैदानावर, मळीच्या वासात, हा पोरगा गोलकीपिंग शिकला. उंच, लांब हातांचा आणि बोलायला बेताचा. बी.ए. करायला कोल्हापुरात आला तो मुळात इथल्या फुटबॉलसाठी. पहिल्याच वर्षी पिशवीत बूट घालून तो तालमी-तालमीतून फिरला होता. कुणी त्याचा अपमान केला असं नाही. आमचीच पोरं बाकावर बसलीत, तुला कुठं घेऊ, असं सगळे म्हणायचे, आणि ते खोटंही नव्हतं. एक-दोन ठिकाणी आडनाव विचारलं गेलं आणि मग गप्पा ऊसदराकडं वळल्या. तेही त्यानं मला सांगितलं, पण तक्रारीच्या सुरात नाही. सीझन सुरू झाला की तो तिकीट काढून स्टेडियममध्ये बसायचा आणि दोन्ही बाजूंच्या गोलकीपरकडं बघायचा. एकदा माझ्याशेजारी बसला होता. समोर एका पोरानं गोल केला आणि अख्खी पेठ त्याच्या नावानं ओरडत उठली. तेव्हा हा हळूच म्हणाला, "सर, एकदा तरी आपल्याला कुणी आपला म्हणून वरडावं, येवढंच वाटतंय बघा."

जिमखान्याच्या मास्तरकडं असल्या गोष्टीवर औषध नसतं.

कॅप्टन झाल्यावर पहिल्या आठवड्यातच त्याला संघाचं दुखणं कळलं. पोरं मैदानावर यायची ती दोन घोळक्यांनी, आणि प्रॅक्टिस संपली की दोन वेगळ्या कट्ट्यांवर दूध प्यायला जायची. वरच्याचा पास वरच्याला, खालच्याचा खालच्याला. सगळ्यात वाईट म्हणजे संग्राम आणि विजयसिंह. दोघं गोलसमोर शेजारी-शेजारी उभे राहायचे आणि एकमेकांशी चकार शब्द बोलायचे नाहीत. दोघांच्या मध्ये बॉल आला की मागून प्रसेनजीतनं ओरडायचं, ‘संग्या, तुझा’ किंवा ‘इज्या, तुझा’. त्याच्या घशावर त्यांचा अबोला चालला होता.

एका रविवारी आम्ही एका कॉलेजशी सरावाचा सामना ठेवला. बघायला दोन्ही पेठांची बरीच माणसं आली होती. सुरू व्हायच्या आधी प्रसेनजीत त्या दोघांना म्हणाला, "मी आज तोंड उघडनार न्हाय. तुमचं तुमी बोला." दोघांना ती थट्टा वाटली. मग पहिला बॉल मध्ये आला. दोघंही थांबले, समोरचा पोरगा मधून गेला आणि गोल झाला. प्रसेनजीतनं जाळीतून बॉल काढून दिला आणि परत जागेवर जाऊन उभा राहिला. दुसरा गोल तसाच झाला. तिसराही तसाच. बाहेर माणसं त्याला नाही नाही ते बोलायला लागली. मुका गोली कुठनं धरून आणलाय, हे त्यातल्या त्यात सभ्य. मीसुद्धा बाहेरून ओरडलो की बोल की लेका. त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. गोलकीपरनं गोल खाणं म्हणजे काय, हे ज्यानं कधी जाळीतून बॉल काढलाय त्यालाच कळेल. हा भर लोकांत, आपल्या नावावर, एकेक गोल घेत होता.

किती झाले ते मी सांगणार नाही, त्या पोरांची अब्रू अजून शिल्लक आहे. शेवटी एकदा बॉल मध्ये आला आणि संग्राम जिवाच्या आकांतानं ओरडला, "इज्या, मागं!" विजयसिंह वळला आणि त्यानं बॉल उडवला. दोघंही क्षणभर एकमेकांकडं बघत राहिले, जणू चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलेत. त्या दिवसापासून ते बोलायला लागले. प्रेमानं नव्हे, शिव्या देतच, पण बोलायला लागले. मागची जोडी बोलती झाल्यावर पुढच्यांचे पास आपोआप इकडून तिकडं जायला लागले.

मग दुसरं संकट आलं. नागपूरची विद्यापीठांची स्पर्धा आणि पेठांचा सीझन एकाच वेळी सुरू होणार होता. तालमी पोरं सोडतील अशी चिन्हं दिसेनात. मी विद्यापीठाकडून पत्र पाठवू म्हणालो. प्रसेनजीत म्हणाला, पत्राला कोण विचारतंय, मी जाऊन बसतो. आणि तो खरोखरच जाऊन बसला. वरच्या तालमीत आण्णांचा शब्द चालायचा. जुने पैलवान, कान मोडलेले, आवाज असा की कुजबुजले तरी गल्ली वळून बघेल. पहिल्या दिवशी त्यांनी याला बसवूनच ठेवलं. दुसऱ्या दिवशी हा पुन्हा गेला, तेव्हा त्यांनी विचारलं, शिरोळात कुठं राहतोस? या प्रश्नाचा अर्थ आमच्याकडं सगळ्यांना कळतो. यानं सरळ सांगितलं, बुद्धविहाराच्या मागं. आण्णांनी त्याच्यासाठी दुधाचा पेला मागवला. पोरं न्यायची तर न्या, म्हणाले, पण पाय धड परत आणा. खालच्या तालमीचे कारभारी केरबा हे ऐकून होते. वरच्यांनी पोरं सोडली आणि आपण नाही सोडली, तर आपण कोत्या मनाचे ठरू, या भीतीनं त्यांनी दोन पोरं जास्तच दिली.

नागपूरचं मी फार सांगत नाही. खेळाची वर्णनं ज्यानं खेळ बघितला नाही त्याला कंटाळवाणी होतात. आम्ही फायनल एका गोलनं जिंकलो. शेवटच्या दहा मिनिटांत प्रसेनजीतनं जे अडवलं ते अडवायला दोन माणसं लागली असती, आणि त्याच्यासमोर संग्राम आणि विजयसिंह घसा फाटेपर्यंत एकमेकांना ओरडत होते. बक्षीस म्हणून पितळी पत्र्याची लाकडी ढाल मिळाली. परतीच्या महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये पोरं एकाच डब्यात, एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपली होती. ढाल कॅप्टनच्या मांडीवर होती. मला वाटलं, आपलं काम झालं. मी मूर्ख होतो.

दुपारी गाडी कोल्हापूरला लागली. स्टेशनात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्ही पेठा आल्या होत्या, दोन हलग्या, दोन झेंडे आणि गुलालाची पोती घेऊन. आमच्याकडं रीतच आहे, संघ जिंकून आला की पोरांना पेठेत मिरवत न्यायचं. डब्याचं दार उघडलं आणि धुमश्चक्री झाली. वरच्यांनी आपली पोरं ओढली, खालच्यांनी आपली. संग्राम एका खांद्यावर, विजयसिंह दुसऱ्या. पोरांना धड पिशव्या घेता आल्या नाहीत. दोन मिरवणुका दोन दारांनी बाहेर पडल्या आणि हलग्यांचा आवाज लांब लांब गेला.

फलाटावर गुलाल पडला होता, आणि त्यात मी आणि प्रसेनजीत. त्याच्या अंगावर चिमूटभरही गुलाल नव्हता. ढाल त्यानं छातीशी धरली होती. मला इतका राग आला की मी त्या दोन्ही पेठांना मोठ्यानं शिव्या घातल्या. तो म्हणाला, "जाऊ द्या सर. आपल्याला न्यायला कोण येनार? शिरोळ लांब हाय." मग, ही ढाल कुठं ठेवायची, असं त्यानं विचारलं. रविवार होता, विद्यापीठाचा क्रीडा विभाग बंद होता. मी म्हटलं, घरी ने, आईला दाखव, उद्या बघू. तो ढाल काखेत मारून शेजारच्या स्टँडवर गेला आणि शिरोळच्या एस.टी.त बसला. खिडकीतून त्यानं मला हात केला. मला भरून आलं होतं, म्हणून मी दुसरीकडं बघितलं.

घरी जाऊन मी नुकताच टेकलो होतो, तोवर एक जण सायकल पळवत आला. म्हणाला, सर चला, चौकात डोकी फुटायची वेळ आलीय.

झालं होतं असं. दोन्ही मिरवणुका गावभर नाचत शेवटी एकाच चौकात समोरासमोर आल्या. तिथं धोंडुबाई हार विकत बसते. तिनं ढालीसाठी म्हणून झेंडूचा मोठा हार करून ठेवला होता. ती हार घेऊन उठली आणि म्हणाली, ढाल कुठं हाय? वरच्यांनी खालच्यांकडं बघितलं. खालच्यांनी वरच्यांकडं. तास-दीड तास हे लोक ढालीची मिरवणूक काढून नाचत होते आणि ढाल कुणाकडंच नव्हती. झालं. तुम्ही पळवली, तुम्ही लपवली, अशी सुरुवात झाली. मी पोचलो तेव्हा आण्णा आणि केरबा एकमेकांच्या गळपट्टीपर्यंत आले होते आणि एक हवालदार मध्ये उभा राहून दोघांकडूनही ढकलून घेत होता.

मी कठड्यावर चढून ओरडलो, "ढाल एस.टी.नं गेली."

ढकलाढकली थांबली. कुठं, म्हणून आण्णांनी विचारलं. मी म्हटलं, कॅप्टनच्या घरी. तुमच्या संघाला एक कॅप्टन होता, आठवतोय का? संग्राम आणि विजयसिंह खांद्यांवरून खाली उतरले. दोघांचीही तोंडं उतरली होती. पण पेठांचं डोकं वेगळ्याच दिशेनं चालतं. भांडण मिटलं ते असं ठरवून, की उद्या सकाळी सगळ्यांनी मिळून शिरोळला जायचं, ढाल आणायची आणि आधी कुणाच्या तालमीत ठेवायची त्याचा नाणेफेकीनं निर्णय करायचा. नाणं तिथंच उडवलं. वरची पेठ जिंकली. प्रसेनजीतचं नाव यात कुणी घेतलं नाही.

सकाळी टेम्पो भरून निघाला. संघाची सगळी पोरं, आण्णा, केरबा, हलगीवाला गुंडू, कारण हलगीशिवाय पेठेचा माणूस गावाची वेस ओलांडत नाही. दोन्ही म्हाताऱ्यांच्या मध्ये मला बसवलं होतं. शिरोळात विहारामागं गल्ली अरुंद आहे, टेम्पो अलीकडंच थांबला. पत्र्याचं दोन खोल्यांचं घर, अंगण शेणानं सारवलेलं. आत बुद्धाच्या मूर्तीपाशी, बाबासाहेबांच्या फोटोखाली, ढाल पुसून ठेवलेली होती आणि तिच्यावर अबोलीचा गजरा होता. प्रसेनजीत आम्हाला बघून गोंधळला. इतक्या पावण्यांना चहा कसा पुरणार, म्हणून तो किटली घेऊन दूध आणायला पळाला.

त्याच्या आईनं, अंजनाबाईंनी, आम्हाला घोंगड्यावर बसवलं आणि पाणी दिलं. आण्णा घसा साफ करून म्हणाले, "वैनी, ढाल न्यायला आलोय. कोल्लापुरात मिरवणूक काढायची हाय."

"न्या की पावणं. तुमचीच हाय." ढालीवरचा गजरा त्यांनी सरळ केला. त्या बोलल्या त्यात टोमणा अजिबात नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. "काल हितं समदी ईचारत हुती, येवढी ढाल घिऊन पोरगं येकटंच कसं आलं? म्या म्हटलं, मिरवणूक मागनं येत आसंल. लई येळ वाट बघितली आमी दारात. ती आज निघनार व्हय?"

आण्णांच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो त्यांनी खाली ठेवला. केरबा जमिनीकडं बघत होते. संग्रामनं तोंड फिरवलं, आणि विजयसिंह सरळ रडायलाच लागला. एवढा आडदांड पोरगा, पण लहान मुलासारखा हुंदके द्यायला लागला. माझ्याही डोळ्यांत पाणी होतं आणि या वेळी मी दुसरीकडं बघितलं नाही.

"व्हय वैनी," आण्णा म्हणाले. त्यांचा तो आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "हितनंच निघनार."

प्रसेनजीत गल्लीच्या तोंडाशी आला, हातात दुधाची किटली. त्याला काही कळायच्या आत संग्राम एका बाजूनं आणि विजयसिंह दुसऱ्या बाजूनं त्याच्या पायात शिरले आणि तो त्यांच्या खांद्यांवर गेला. दूध सांडंल, दूध सांडंल, एवढंच तो म्हणत होता. किटली त्याच्या वडिलांनी, बाबासोंनी, धरली. गुंडूनं हलगीवर थाप मारली. घराघरातून माणसं बाहेर आली. गुलाल मात्र नव्हता, सगळा आदल्या दिवशीच उधळून संपला होता. तेव्हा वस्तीतल्या पिराजी नावाच्या म्हाताऱ्यानं विहाराची खोली उघडली आणि एप्रिलच्या जयंतीतलं उरलेलं निळ्या गुलालाचं पोतं ओढत आणलं. तो आण्णांसमोर येऊन थबकला. लावावा की न लावावा, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. आण्णांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मान वाकवली. म्हणाले, लाव की, कपाळ मोकळं कशाला ठेवतोस.

दुपारी टेम्पो कोल्हापुरात शिरला तेव्हा आम्ही सगळे निळे होतो. ढाल प्रसेनजीतच्या डोक्यावर होती आणि त्याच्या नावानं पोरं ओरडत होती. पुढच्याच आठवड्यात दोन्ही पेठा स्टेडियमवर पुन्हा एकमेकांच्या उरावर बसल्या, त्यांना काही अक्कल आली असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी वरच्या पेठेतून आणि खालच्या पेठेतून एकच मिरवणूक गेली, आणि ती शिरोळहून निघाली होती.